आधी मुळं बघा

खिडकीतलं हे फॅलेनॉप्सिस. घरोघरी भेट म्हणून येणारं ऑर्किड बहुतेक वेळा हेच असतं. फुलं गळून गेलीत, पानं सुरकुतून लुळी पडलीत. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. मग आणखी पाणी घातलं जातं, आणि तेच त्याच्या जिवावर उठतं.

कुंडीतून त्याला अलगद बाहेर काढू या. मुळांभोवती भरलेलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, घट्ट ठासलेलं, आतून ओलंगच्च. मूळ चिमटीत धरलं की साल निसटते, हाती उरतो नुसता दोरा. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पाण्यात बसूनही पानं सुकतात.

आग्नेय आशियातल्या जंगलांत ही झाडं मातीत नाही, फांद्यांना धरून वाढतात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, तशीच, पावसाळ्याच्या तोंडावर खोडाखोडांवर फुलणारी. मुळांभोवती व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. सर आली की ते पाणी टिपतं, वाऱ्यावर पुन्हा कोरडं होतं. हे कोरडं होणंच घरातल्या कुंडीत त्याला मिळत नाही.

आता कात्री. पाती स्पिरिटने पुसून घ्या. पोकळ, पिचपिचीत मुळं कापून टाका, टणक असेल ते राखा, रंग कसाही असो. फुलांचा दांडा उरला असेल तर तोही काढा. मन होत नाही, पण आधी झाड जगू दे.

दोन-तीन धड मुळं उरली तरी पुरेत. कुंडी लहान, तळाला भोकं असलेली. भरायला झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा, धुतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे. कुंडी पारदर्शक असली तर फारच बरं: ओलं मूळ हिरवं दिसतं, सुकलं की रुपेरी. रुपेरी दिसलं की पाणी, वार ठरवून नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर हात आवरावाच लागतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर पुसून घ्या, नाहीतर शेंडाच कुजतो. ऊन सकाळचं, कोवळं.

जुनी पानं पुन्हा तुकतुकीत होतीलच असं नाही. वाट बघायची ती नव्या मुळाच्या हिरव्या किंवा तांबूस टोकाची. त्याला महिने लागतात. तोवर खत अजिबात नको. टोक दिसलं की पाव मात्रेत पातळ केलेलं खत, तेही मुळं आधी भिजवून.