बंदरातले काही तास आणि एक रिकामी पिशवी

क्रूझचं, म्हणजे समुद्रसहलीचं जहाज धक्क्याला लागलं, की आधी बंद होतात ती जहाजावरचीच दुकानं. प्रवासी गँगवेवरून, म्हणजे उतरायच्या पुलावरून, उतरू लागलेत, आणि इकडे मधल्या डेकवरची घड्याळं, अत्तरं, दागिने शटरमागे गेलेत. हा माल करमुक्त आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत त्या-त्या देशाची हद्द. बहुतेक बंदरांत तिथले कर भरल्याशिवाय असा माल विकता येत नाही, म्हणून जहाज खुल्या समुद्रात शिरेपर्यंत कुलूप. संध्याकाळी शटर वर जातं आणि जेवायला निघालेल्यांची वाट नेमकी या दुकानांमधूनच जाते.

रात्री इथे टेबलं बाहेर मांडली जातात. मुलामा दिलेली साखळी इंचावर मोजून विकतात. घड्याळांवर सवलतीच्या पाट्या लागतात, शेवटच्या दिवशी जहाजाचं नाव छापलेल्या टी-शर्टांचे ढीग येतात. करमुक्त म्हणजे स्वस्तच, असं इथे सगळे धरून चालतात. पण कर वजा करण्याआधी मूळ किंमत काय लावली आहे, हे कोण तपासणार? भर समुद्रात इंटरनेटला बऱ्याचदा वेगळे पैसे पडतात, त्यामुळे भाव ताडून पाहण्याचा कंटाळा येतो. ज्याला कॅमेरा किंवा घड्याळ घ्यायचंच आहे, त्यानं घरून निघतानाच भाव टिपून आणावा. चित्रांचा लिलावही असतो. फुकट शँपेनचा पेला हातात येतो, आणि भिंतीवरचं चित्र अस्सल आहे की सही केलेली छापील प्रत, हे विचारायचं राहून जातं.

आता किनारा. उतरण्याआधी प्रवाशांच्या हाती एक नकाशा पडतो. त्यावर गावातल्या दुकानांवर खुणा असतात आणि ‘खात्रीची दुकानं’ असं सांगितलं जातं. यातली बरीच दुकानं त्या नकाशावर येण्यासाठी पैसे मोजतात. म्हणून ती वाईट ठरत नाहीत, पण त्यांची शिफारस ही जाहिरात आहे, एवढं डोक्यात असू द्यावं. नकाशासोबत एखाद्या फुकट लटकनाचं कूपनही मिळतं. ते घ्यायला आत गेलात, की बाहेर पडेपर्यंत चार हार गळ्यात घालून झालेले असतात.

या निळ्या-जांभळ्या खड्याकडे पाहा. कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझ-बंदरांत तो काचेआड हमखास दिसतो. हा टांझानाइट. 1967 मध्ये टांझानियात, किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांत तो सापडला. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं पुढच्याच वर्षी या नावानं तो बाजारात आणला. विकण्याजोग्या प्रमाणात तो निघतो तो याच टेकड्यांतून. जमिनीतून येतो तेव्हा बहुतेक खडा तपकिरी असतो. तापवला, की निळा होतो. व्यापारात ही मान्य रीत आहे, यात लबाडी नाही. खडा सुंदर आहे, मात्र जरा मऊ आहे. अंगठीत रोज वापरला तर ओरखडे पडतात, कानातल्यात बरा. पण ज्या बेटावरची आठवण म्हणून तो घेतला जातो, त्या बेटाचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही.

आणि त्याच समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक या देशात, बाराओना प्रांतात, लारिमार नावाचा आकाशी दगड निघतो. जगात त्याची खाण दुसरीकडे कुठेही नाही. नकाशावरच्या झगमगीत दुकानांत तो बहुधा कोपऱ्यात असतो.

पनामा हॅटची गंमत उलटी आहे. ती पनामात ढिगानं मिळते, पण तिचं मूळ घर इक्वाडोर. तोकिया नावाच्या वनस्पतीच्या पानांचे बारीक धागे काढून ती तिथे हातानं विणतात. युनेस्कोनं 2012 मध्ये या विणकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मग पनामातलं काय घ्यावं? मोला. तिथल्या गुणा या मूळ रहिवासी समाजाच्या बायका कापडाचे रंगीत थर एकावर एक ठेवतात, वरचे थर कापून कडा आत दुमडतात आणि शिवतात. खालचा रंग नक्षी होऊन वर येतो. हे तुकडे मुळात त्यांच्या पोलक्याच्या पुढच्या-मागच्या भागासाठी असतात. तुकडा उलटा करून पाहा. टाके बारीक आणि हाताचे हवेत. कडेला उसवल्याच्या खुणा असतील, रंग थोडा विटला असेल, तर तो बहुधा कुणीतरी अंगावर वापरलेला आहे, आणि संग्राहक नेमका तोच शोधतात.

अशी वस्तू धक्क्यावर क्वचितच भेटते. याचं एक कारण धक्क्याच्या बांधणीतच आहे. मेक्सिकोचं कोस्टा माया किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये 2015 मध्ये उघडलेलं अँबर कोव्ह ही बंदरं मुळी क्रूझसाठीच उभारलेली. त्यामुळे तिथे उतरलेल्याला आधी लागतो तो बाजार, गाव त्याच्या पलीकडे. म्हणूनच देश बदलला तरी दुकानाची पाटी तीच दिसते, फ्रिजवरच्या मॅग्नेटवर फक्त बंदराचं नाव बदलतं. फाटकाच्या बाहेर थोडं चाललं, की चित्र बदलू लागतं.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात अस्सल स्थानिक वस्तू ओळखण्याची ही अडचण पाहून सरकारनंच एक खूण ठरवली आहे. ‘सिल्व्हर हँड’, म्हणजे हाताच्या चित्राचा शिक्का. वस्तू अलास्काच्या मूळ रहिवासी कलाकारानं त्याच राज्यात बनवली आहे, याची ती साक्ष. शिक्का नसला म्हणून वस्तू नकलीच असं नाही. अशा वेळी सरळ विचारावं: कुणी बनवली, कोणत्या गावात? खरा विक्रेता हा प्रश्न ऐकून खुलतो आणि पुढची दहा मिनिटं बोलत राहतो.

काही वस्तू मात्र हौसेनंही उचलू नयेत. हॉक्सबिल कासवाच्या कवचाचे कंगवे आणि बांगड्या अजूनही कुठे कुठे विकायला असतात. सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. प्रवाळ आणि मोठे शंख यांनाही अनेकदा परवाना लागतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर किनाऱ्यावरची वाळू बाटलीत भरून नेणं हाही गुन्हा आहे. 2017 च्या कायद्यानं त्याला 500 ते 3,000 युरो दंड आहे.

बिनपैशाच्या आठवणीही या जहाजांवर आहेत. प्रवासी छोटी रबरी बदकं घरून आणतात आणि कठड्यावर, जिन्यात, कुंडीमागे लपवून ठेवतात. ज्याला सापडेल त्यानं ठेवावं किंवा पुन्हा लपवावं. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर प्रश्नमंजुषेत जिंकणाऱ्याला काठीवर बसवलेलं सोनेरी प्लास्टिकचं जहाज मिळतं. लोक त्यासाठी घड्याळांवरच्या सवलतीपेक्षा जास्त ईर्ष्येनं भांडतात.

शेवटच्या रात्री बिलं एकत्र करायची, कस्टम्ससाठी. जहाजावर घेतलेली दारूची बाटली प्रवासभर हातात मिळत नाही, कारण बारमध्ये पेले विकायचे असतात. ती येते याच संध्याकाळी. बॅगा तर रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या. पुढे विमान असेल, तर हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी 100 मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही. तेव्हा बाटली आली, की आधी कपड्यांत गुंडाळून बॅगेत, आणि मग जेवायला.