कुलूप उघडल्यानंतरचे तीन दिवस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सुट्टीनंतर अभ्यासाची घडी कशी बसवावी’. तिकडे येतोच आहे. पण कॉलेज सोमवारी उघडणार म्हटलं की बहुतेक मुलं करतात काय? रविवारी रात्रीची एसटी धरतात, पहाटे पुण्यात स्वारगेटला नाहीतर वाकडेवाडीला उतरतात आणि आठच्या लेक्चरला डोळे चोळत बसतात. आईच्या हातचं आणखी एक जेवण पदरात पडलं, एवढाच त्यात नफा. माझा हट्ट असा की गुरुवारी या. ते तीन दिवस अभ्यासाचे नाहीत, खोलीचे आहेत. जूनमध्ये अभ्यास बिघडतो तो आळसापेक्षा खोलीमुळे, हे एकदा नीट मांडायचं होतं. आज तुम्ही तावडीत सापडला आहात.

मे महिनाभर बंद राहिलेली खोली उघडली की आधी वास येतो. रूम पार्टनरच्या मोज्यांवर आळ घेऊ नका. बाथरूमच्या जाळीखाली एक वाटी असते, तिच्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं. गटारातला वायू वर येऊ नये म्हणून ते पाणी झाकणाचं काम करतं. पुण्याच्या उन्हाळ्यात बाथरूम वापरात नसलं की ते आटतं, झाकण उडतं, आणि वासापाठोपाठ झुरळं वर येतात. मुलं काय करतात? फिनेलची बाटली आणतात. फिनेलचा वास दोन तास टिकतो, गटाराचा टिकाऊ असतो. उपाय फुकटचा आहे. जाळी उचला, केसांचा गुंता काढा, दोन बादल्या पाणी सावकाश ओता. पुढच्या सुट्टीला निघताना पाणी भरून वर दोन चमचे गोडंतेल सोडा. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. या वाटीला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपण नहाणी सोडली, बाथरूम म्हणायला लागलो; तो शब्द मात्र सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसला. इथे सिव्हिलची मुलं असतील, ती तो इंग्रजी समजून पाठ करतात. हसू नका, परीक्षेत येतो.

बादलीचं त्याहून वाईट. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटवतो. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. एप्रिलमध्ये कोपऱ्यात अर्धी भरून राहिलेली बादली तुम्ही जूनमध्ये नुसती विसळून भरलीत, की अंडी फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतात. म्हणून विसळू नका, घासा. काथ्या आणि भांड्यांची पावडर घेऊन काठापासून बुडापर्यंत. कूलरच्या टाकीलाही तेच. मग कूलर कोरडा करून ठेवा. पुण्यात १० जूनच्या आसपास पाऊस येतो, तेव्हा तसाही त्याचा उपयोग संपलेला असतो.

पाणी तापवायचा रॉड. बहुतेक रॉड १,५०० वॅटचे असतात आणि टेबलाजवळचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट. सॉकेट काळा पडून वितळतो तो ह्यामुळे, आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात तेही ह्यामुळेच. रॉड मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघू नका.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका कॉटपुरतं भाडं भरून राहणाऱ्यांसाठी गादी. दोन महिने गुंडाळून ठेवलेली कापसाची गादी आतून दमट असते. पाऊस लागायच्या आत गच्चीवर टाका, दोन्ही बाजूंना दोन-दोन तास. पाऊस लागलाच असेल तर खुर्चीला टेकवून उभी करा आणि पंखा रात्रभर सोडा. आडव्या गादीखाली हवा जात नाही. ढेकणांवर मात्र उन्हाचा भरवसा नको. ते उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढतात आणि गादीपेक्षा कॉटच्या सांध्यांत, पोकळ पाइपांत जास्त लपतात. लोखंडी कॉट बाहेर काढून सांध्यांत उकळतं पाणी ओता, आठवड्याने पुन्हा ओता, कारण पहिल्या खेपेला वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. घरून आणलेली बॅग पहिल्या रात्री गादीवर ठेवू नका, पाहुणे दोन्ही दिशांनी प्रवास करतात.

आणि डबे! घरून चिवडा येतो, लाडू येतात, लोणचं, भाजणी येते. जूनच्या दमट हवेत चिवडा चार दिवसांत चामट होतो, मग फोन जातो, “आई, पोहे कसले होते?” पोह्यांचा दोष नसतो. एकतर चिवडा कोमट असताना डबा बंद झालेला असतो आणि वाफ आतच मुरते, नाहीतर मोठा डबा दिवसातून वीसदा उघडला जातो. लहान बरण्या करा, एका वेळी एकच उघडा. मऊ पडलाच तर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता, पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. लोणच्यावर बोटभर तेल हवं आणि चमचा कोरडा हवा. ओल्या चमच्याने काढलं की बुरशी ठरलेली. पोरकिडे, म्हणजे पिठातले किडे, व्हायच्या आत भाजणी वापरून टाका. आणि सगळा माल पहिल्या रात्री मजल्यावर जाहीर करू नका. हे पाककृतीत लिहिलेलं नसतं, पण टिकवण्याचा खरा उपाय हाच.

मेसचं एका वाक्यात: महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन वेगळ्या दिवशी सुट्टं ताट खाऊन बघा, आणि न जेवलेल्या दिवसांचा खाडा किती दिवसांचा धरतात, आधी कधी कळवायचा, हे विचारून घ्या.

आयोजकांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं’ लिहिलंय, म्हणजे पाच. चला, अभ्यास.

आधी झोप. शरीराचं घड्याळ मुळात चोवीस तासांहून थोडं लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं जमतं आणि लवकर झोपणं जमत नाही. झोपायची वेळ ओढू नका, उठायची ओढा. घरी असतानाच रोज अर्धा तास अलीकडे या. दहाचे साडेसहा करायला आठवडा लागतो. उठल्यावर लगेच बाहेर उजेडात जा. ढगाळ आभाळसुद्धा ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी प्रखर असतं. चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण पाच-एक तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरतं. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, ‘सगळं विसरलो’ ही ओरड. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं की विसरलेली गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्यामुळे पान एकपासून सुरू करू नका. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर त्या प्रकरणातलं आठवेल ते पंधरा मिनिटं लिहा, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईने भरा. जे लाल, तेवढंच वाचायचं. तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद.

तिसरं, वेळापत्रक. पहिल्या आठवड्यात रोज दोनच तास, त्याच दिवशीच्या लेक्चरवर, विषयाला वीस मिनिटं. आठ तासांचं रंगीत वेळापत्रक भिंतीवर लावलंत तर ते बुधवारी मोडतं आणि मग भिंतीकडे बघवत नाही. अभ्यासिकेत जागा हवी असेल तर याच गुरुवारी जाऊन नाव घाला. जर्नल ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच रात्री.

दुसरी चिठ्ठी. प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणतायत. एटीकेटीवाल्यांनी, म्हणजे मागचे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांनी, जिन्यापाशी थांबा, तुमचं गणित वेगळं आहे.