आई-बाबांना ऑक्टोबरमध्ये बोलवा

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय ‘आमची रोड ट्रिप’, पण खरं तर एकच गोष्ट सांगायचीय. आई-बाबांना इकडे अमेरिकेत जून-जुलैत बोलवू नका, ऑक्टोबरमध्ये, पानं रंग बदलतात तेव्हा बोलवा आणि ब्लू रिज पार्कवे ह्या डोंगरातल्या रस्त्यावर घेऊन जा.

आपण काय करतो, मुलांना सुट्टी असते म्हणून उन्हाळ्याची तिकिटं काढतो, मग न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, सगळीकडे रांगा आणि ऊन आणि चालणं, आणि संध्याकाळी बाबा गुडघ्याला तेल लावत बसलेले. २०२३ ला आम्ही ठरवलं की हे नको. नवरात्राच्या शेवटी निघालो, मुलांची दोन दिवस शाळा बुडवली, आणि त्याच रस्त्याने नॉर्थ कॅरोलायनातलं ब्लोइंग रॉक ते ॲशव्हिल हे जेमतेम ९०-९५ मैलांचं अंतर चार दिवसात केलं.

हा रस्ता सावकाश जायलाच बांधलाय. शेनँडोआ नॅशनल पार्कपासून स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कपर्यंत ४६९ मैल, स्पीड लिमिट जास्तीत जास्त ४५, मालाचे ट्रक नाहीत, जाहिरातींचे बोर्ड नाहीत, पेट्रोल पंपही नाही, त्यामुळे टाकी भरूनच चढा. आणि वळणं आहेत, धाकट्याला गाडी लागते, आल्याच्या वड्यांचा डबा मी पुढेच ठेवला होता. थोड्या थोड्या अंतरावर ओव्हरलुक येतो, गाडी थांबवायची, दार उघडायचं की समोर डोंगरामागे डोंगर. ज्यांना पायी चालवत नाही त्यांनाही सगळं दिसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बाबांची सगळी नोकरी रस्ते आणि पूल बांधण्यात गेली, त्यामुळे त्यांना पानांच्या रंगांपेक्षा लिन कोव्ह व्हायाडक्ट ह्या पुलाची उत्सुकता. पार्कवेचं काम १९३५ ला सुरू झालं आणि शेवटचा तुकडा जोडला गेला १९८७ ला, तो हा ग्रँडफादर माउंटनच्या अंगावरचा. डोंगर फोडायचा नाही असं ठरलं, म्हणून १,२४३ फुटांचा पूल काँक्रीटच्या १५३ तुकड्यांचा केला, आणि तो वरूनच बांधत नेला, म्हणजे झालेल्या पुलावर उभं राहून पुढचा तुकडा लावायचा, खालच्या झाडांमधून रस्ता काढायचाच नाही. शेजारून पुलाखाली जायला छोटी पायवाट आहे. बाबा तिथे खांबाला हात लावून उभे, पोरांना एकेक जोड दाखवतायत, काँक्रीटमध्ये आयर्न ऑक्साइड घालून खडकाचा रंग कसा आणलाय ते सांगतायत. माझा थोरला, ज्याला गाडीतून उतरवायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात, तो पाऊण तास प्रश्न विचारत होता. मराठीत!

पानांच्या रंगांचं म्हणाल तर ‘पीक वीकेंड’च्या, म्हणजे रंग ऐन भरात असतात त्या शनिवार-रविवारच्या मागे लागू नका. रंग डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतात, त्यामुळे नेमका दिवस हुकला तरी काही बिघडत नाही, गाडी थोडी वर-खाली न्यायची. आम्ही माउंट मिचेलला गेलो, ६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेला याहून उंच शिखर नाही, आपली कळसूबाई ५,४०० ची. वर फर आणि स्प्रूसची काळपट हिरवी झाडं, त्याखाली पानं झडून उघडं झालेलं जंगल, आणि आणखी खाली ओक, हिकरी, मेपल, नुसतं पेटलेलं. आई म्हणाली, आपल्याकडे कुसुंब पालवी फुटताना लाल होतो, इथे झाडं पानं टाकताना लाल होतात. आणि रंगद्रव्य खरंच एकाच जातीचं, अँथोसायनिन. पिवळा मात्र पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो.

शेवटच्या दिवशी दसरा होता. केबिनच्या अंगणात एक बुटकं झाड, पानं पिवळी व्हायला लागलेली, फांद्यांना चपट्या तपकिरी शेंगा. आई चहाचा कप घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत होती, मग म्हणाली, “अगं, शेंगा बघ, हे आपट्यातलंच काहीतरी आहे, फक्त पान मधे दुभंगलेलं नाही.” मी फोनवर शोधलं तर ते रेडबड, आणि खरंच, वनस्पतिशास्त्रात रेडबड आणि आपटा एकाच उपकुळातले आहेत. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई, तिने लांबून ओळखलं. मग पोरांनी खाली पडलेली पानं गोळा केली, आजी-आजोबांना सोनं दिलं, पाया पडले, आणि आईने शेजारच्या केबिनमधल्या म्हाताऱ्या जोडप्यालाही हातात पान देऊन नमस्कार केला. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण त्या बाईंनी पान लगेच पर्समध्ये जपून ठेवलं.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाने ह्या रस्त्याचं खूप नुकसान केलं, दरडी कोसळल्या, झाडं पडली, कितीतरी मैल बंद झाले. त्यामुळे निघण्याआधी हा रस्ता सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग चालू आहे ते बघा. आणि जा, ती गावं आपल्या येण्याची वाट बघतायत.

आईचा व्हिसा संपत आलाय. रिन्यू करायला टाकतोय, आणि तिकीट ऑक्टोबरचंच बघतोय, बाबांना यावेळी पुलाखाली पुन्हा जायचंय.