उघडी चासी

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर पिंपरीच्या आसपास एक दृश्य तुम्ही पाहिलं असेल. बसची नुसती चासी चाललेली. छत नाही, दारं नाहीत, काच नाही. पुढे इंजिन, मागे दोन लांबलचक पोलादी पट्ट्या, आणि कसल्याशा खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, गॉगल लावून ती हाकणारा ड्रायव्हर. अशी चासी दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत गेली, की तिथे तिच्यावर बॉडी चढते आणि तिची लालपरी होते. पुढे पत्रा खिळखिळा झाला की तीच गाडी पुन्हा कार्यशाळेत. ॲल्युमिनियमची जुनी बॉडी उतरली, पोलादाची नवी चढली. नंबर मात्र जुनाच. ही दुसरी गाडी झाली असं आपण कधी म्हणत नाही.

शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या क्रिकलवुड भागातल्या एका कारखान्यातून मोटारगाड्याही अशाच उघड्या बाहेर पडायच्या. कारखाना बेंटलीचा. १९२१ ते १९३१ या दहा वर्षांत तिथे सुमारे तीन हजार गाड्या झाल्या. कंपनी द्यायची ती चासी: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. पाच वर्षांची हमी असायची तीही चासीचीच. बॉडी कुणाकडून करून घ्यायची हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. व्हॅन्डेन प्लास, गर्नी नटिंग अशी घराणी होती. एकाला उघडी टूरर हवी, दुसऱ्याला शोफर पुढे आणि मालकीणबाई काचेमागे अशी बंद सलून. चासी दोघांची एकच.

आज अशी एखादी गाडी गोठ्यातून किंवा पडक्या गॅरेजमधून बाहेर निघते, तेव्हा ती पुन्हा चालती करायच्या कामाची सुरुवात इंजिनापासून होते. तीन लिटरचं बेंटली इंजिन म्हणजे चार सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तब्बल १४९. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. म्हणजे 'सोळा व्हॉल्व्ह' अशी पाटी मागच्या काचेवर मिरवायच्या कितीतरी आधी हे झालेलं. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि ठिणगीची वीज देणारा एक मॅग्नेटो गेला तर दुसरा आहेच. गंमत अशी, की या इंजिनाला सुटं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नाही. हेड आणि सिलिंडर ब्लॉक एकाच ओतकामात. त्यामुळे दोघांमधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उडण्याचा प्रश्नच मिटला. पण व्हॉल्व्ह घासायचे, तर अख्खा बिडाचा ब्लॉक क्रँककेसवरून उचलून काढायचा! डब्ल्यू. ओ. बेंटली हे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेले. इंजिनाचा ब्लॉक उचलायचा म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली नसावी. आपल्या पडते.

त्यातून विलायतेची थंडी. हिवाळ्यात पाणी काढून टाकायला विसरलं, की आत बर्फ होऊन वॉटर जॅकेटला, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला, तडा. नाहीतर गंज तरी लागलेला असतोच. म्हणून आता नव्यानं ओतलेले ब्लॉक मिळतात आणि बसवले जातात. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. इंजिन चालण्यासाठी असतं.

बेअरिंगचं काम मात्र बघत राहावं असं. तेव्हा आजच्यासारखे तयार शेल, म्हणजे नुसते बसवायचे अर्धगोल तुकडे, नव्हते. व्हाइट मेटल, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू, वितळवून जागच्या जागी ओतायचा. मी शिकाऊ असताना आमचे मिस्त्री एका जुन्या पंपाच्या इंजिनासाठी हे करत. वितळलेल्या धातूत लाकडाची काडी बुडवायची. ती करपली, पण पेटली नाही, म्हणजे ताप बरोबर. ओतून झाल्यावर लेथवर कापायचं, मग क्रँकला ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावून फिरवायचं, ठिपके उमटतील तेवढेच स्क्रेपरनं खरवडायचे. पुन्हा ब्लू, पुन्हा खरवडणं. मिस्त्रींना घाई केलेली चालत नसे. "क्रँक सांगेल तेव्हा थांबायचं," म्हणायचे.

आता बॉडी. वरून पत्रा दिसतो, पण आत सांगाडा लाकडाचा. लाकूड ॲशचं, चिवट आणि लवचीक. क्रिकेटचे स्टंप त्याचेच करतात. वेमन पद्धतीच्या बॉडीत तर पत्राही कमी. लाकडाला लाकूड घासून करकर होऊ नये म्हणून सांध्यांत धातूच्या पट्ट्या घालून दोन तुकड्यांत फट ठेवायची, आणि वरून चामड्यासारखं कापड ताणून बसवायचं. गाडी हलकी आणि मुकाट. पण कापड फाटलं, पाणी शिरलं, की आतलं लाकूड कुजलंच. अशा कितीतरी बॉड्या आपल्या मरणानं गेल्या. त्यांच्या जागी नवी बॉडी आली, ते ठीकच.

माझं दुखणं वेगळंच आहे. बेंटलीनं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२४ साली, आणि मग १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षं जिंकली. म्हणून ल मान्सच्या थाटातली हिरवी, उघडी टूरर सगळ्यांना हवी. तिला भावही जास्त. मग धडधाकट सलून उतरवल्या गेल्या, लांब चासी कापून आखूड केल्या गेल्या. मालकीणबाईंची शांत गाडी कधीही न धावलेल्या शर्यतीचा पोशाख घालून उभी राहिली. नवा ब्लॉक मी मान्य केला, पण हे मला मान्य होत नाही.

इतकी बदललेली गाडी तीच राहते का, हा वाद १९९० साली थेट लंडनच्या न्यायालयात गेला. गाडी होती 'ओल्ड नंबर वन', स्पीड सिक्स बेंटली. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मान्सची विजेती. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचं इंजिन घातलेलं असताना ती इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या, वळणावर कडेनं उंच होत जाणाऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवरून बाहेर फेकली गेली. चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेले. नंतर तिच्यावर कूपे बॉडी चढली, आणि पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा उघडी. १९२९ सालचं तिच्यात फारच थोडं उरलेलं. सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की तीच आहे. सगळे भाग जुने आहेत म्हणून नव्हे, तर तिचा इतिहास मध्ये कुठेही तुटलेला नाही म्हणून.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानंही बरीच वर्षं, मोठे बदल झालेल्या गाड्यांसाठी, गुणांचं एक कोष्टक वापरलं. जुना नंबर टिकवायला ८ गुण लागत. चासीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. बेंटलीसारख्या, चासी वेगळी असलेल्या गाडीच्या बॉडीला एकही नाही.

आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी नियम झाले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. नियम चांगलाच आहे. फक्त कारखान्यातून जी गाडी बॉडीशिवाय, खोक्यावर बसलेल्या ड्रायव्हरनं हाकत नेली, तिची मूळ बॉडी कोणती, हे अर्ज भरताना कोणत्या रकान्यात लिहायचं, तेवढं विचारून ठेवा.

नमस्कार.