भरून घेतलेली कॅसेट

[पडदा काळा. रेकॉर्डिंगचं बटण दाबल्याचा खटका. मागोमाग फितीची खरखर.]

ऐंशीच्या दशकाची आठवण निघाली की ठरलेली चित्रं समोर येतात. गुलाबी-निळे निऑन दिवे, फुगवलेले केस, खांदे भरलेली जाकिटं, सिंथेसायझरच्या धून. हे सगळं होतंच. पण त्या दशकातल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी जे उभं केलं, ते या चित्रांत सापडत नाही. ते सापडतं भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये.

कॅसेट तशी जुनीच. फिलिप्समधल्या लू ऑटेन्स यांच्या चमूने घडवलेली ही डबी १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिली. फीत चार मिलिमीटरही रुंद नाही, आणि चाल सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. स्वच्छ आवाजासाठी लोक एलपीकडे, म्हणजे मोठ्या तबकडीकडेच जायचे. पण एलपी नुसती ऐकता यायची, कॅसेट भरता यायची. एवढ्या एका सोयीने ऐकणाऱ्याच्या हातात छापखाना आला.

[न्यूयॉर्क, ब्रॉन्क्स. विटांच्या इमारती, खांद्यावर बूमबॉक्स.]

हिप-हॉपचंच बघा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी वाजवली. हिप-हॉपचा जन्म लोक त्या रात्रीपासून धरतात. रॅपच्या, म्हणजे हिप-हॉपमधल्या तालावर बोलल्यासारख्या म्हटलेल्या गाण्यांच्या रेकॉर्ड मात्र बाजारात आल्या १९७९ मध्ये. मधली सहा वर्षं हे संगीत जगलं पार्ट्यांमध्ये आणि त्या पार्ट्यांच्या कॅसेटवर. गर्दीचा गलका आणि माइकवरची हाक, सगळं एकाच फितीत. जे पार्टीला पोचले नाहीत, त्यांच्यापर्यंत पार्टी अशी पोचायची.

[टपालाची पाकिटं. हाताने लिहिलेल्या लांबलचक याद्या.]

माझ्या मते कॅसेटच्या दशकाचं सगळ्यात सुंदर प्रकरण मात्र मेटल संगीताचं, म्हणजे कर्कश गिटारांच्या दणदणीत रॉकचं. रेडिओ वाजवत नव्हता, दुकानं ठेवत नव्हती, म्हणून चाहत्यांनी टपालखात्याच्या जोरावर आपलं जाळं विणलं. त्याला टेप ट्रेडिंग म्हणायचे. आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी लिहायची, अनोळखी माणसाला पाठवायची, त्याची यादी मागवायची. मग तू मला हे भरून दे, मी तुला ते देतो. पैशांचा व्यवहार नाही. पत्ते मिळायचे चाहत्यांनीच झेरॉक्स काढून वाटलेल्या छोट्या मासिकांमधून, फॅनझिन्समधून. मेटॅलिका या मेटल बँडचा ड्रमर लार्स उलरिक असाच टेप ट्रेडर होता, आणि १९८२ मध्ये बँडची डेमो, म्हणजे नमुन्याची कॅसेट याच वाटेने हातोहात फिरली. पहिला अल्बम निघाला १९८३ मध्ये. तोवर समुद्रापलीकडच्या पोरांनाही ही गाणी पाठ झालेली होती.

परदेशी टपाल महाग पडायचं. म्हणून काही जण पाकीट टाकण्याआधी तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचे. पलीकडच्याने तिकीट पाण्यात भिजवलं की थराबरोबर शिक्काही निघून यायचा आणि तेच तिकीट पुन्हा चालायचं. पत्राच्या शेवटी आठवण असायची, ‘माझी तिकिटं परत पाठव.’ नियमात बसणारं नव्हतं हे, पण हौस किती होती ते यातून कळतं.

आणि ती खरखर! कॅसेटवरून कॅसेट भरली की प्रत्येक वेळी थोडा आवाज झिजतो, थोडी खरखर वाढते. झांजा अंधुक होतात, गिटार दूर गेल्यासारखी वाटते. मुरलेला ट्रेडर ऐकूनच ओळखायचा, ही प्रत मूळ कॅसेटपासून किती हात लांब आहे. म्हणून बँडच्या जवळच्या माणसाशी ओळख असणं ही मोठी मिळकत होती. आज एका क्लिकवर हुबेहूब प्रत मिळते, आणि ती कुणाकुणाच्या हातांतून आली याचा मागमूस उरत नाही.

[कवटीच्या जागी कॅसेट, खाली हाडांची फुली.]

रेकॉर्ड कंपन्या अर्थातच हादरल्या. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या त्यांच्या संघटनेने मोहीम काढली. घरी कॅसेट भरणं संगीताला मारतंय, असा तिचा सूर होता. त्याच वर्षी डेड केनेडीज या अमेरिकी पंक बँडने आपल्या कॅसेटची एक बाजू कोरी ठेवली आणि वर छापलं की ही बाजू कोरी सोडली आहे, म्हणजे या कामात तुम्हालाही मदत करता येईल. चोरी की प्रसार, हा वाद तेव्हा मिटला नाही, अजूनही मिटलेला नाही. कलाकारांचं नुकसान झालं असेल, ते मी नाकारत नाही. पण ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, अशांना श्रोते मिळाले ते याच कोऱ्या कॅसेटमुळे.

वॉकमन १९७९ चा. पहिल्या मॉडेलला दोन हेडफोन लावायची सोय होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि शेजारच्याशी बोलता यायचं. एकट्याने ऐकायचं यंत्र बनवतानाही शेजारचा माणूस गृहीत धरला होता, ही गोष्ट मला फार आवडते.

[आजचा दिवस. जुन्या डेकला जोडलेला लॅपटॉप.]

आता त्या दशकानंतर जन्मलेली मुलं कॅसेट विकत घेतात, नवे बँड कॅसेट काढतात. आनंदच आहे. पण विकत घेतलेल्या कॅसेट काय, पुन्हा छापता येतील. घरी भरलेल्या कॅसेटची प्रत जगात दुसरीकडे नसते आणि फितीवरचं चुंबकीय लेपण वर्षागणिक खराब होत जातं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००७ पासून हिप-हॉपची पत्रकं आणि ध्वनिमुद्रणं जपायला घेतली आहेत. मात्र बहुतेक कॅसेट अजून कपाटांतच पडून आहेत.

तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर आधी तिच्या वरच्या कडेला दोन टोकांना असलेले प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग ती संगणकावर उतरवा. उतरवताना खरखर काढू नका, रेडिओवरून भरली असेल तर निवेदकाचं मधलं बोलणं कापू नका, आणि पाठीवर हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.