मामीची टिकली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गाडीच्या वेगाच्या काट्याबद्दल. पण आधी मामाची जीप.

मामानं जुन्या जीपला हौसेनं मोठे टायर बसवून घेतले. पहिल्याच रविवारी आम्ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. काटा ८० वर, मामा खूश. मागून मामी म्हणाली, "अहो, आपण जास्त पळतोय." मामा म्हणाला, "काटा बघ की!" मामी काटा कशाला बघेल? शाळेत तीस वर्षं घंटा तिनं दिलेली. सकाळीच आकाशवाणीच्या वेळेच्या पीप-पीपवर लावलेलं मनगटी घड्याळ तिनं डोळ्यांसमोर धरलं आणि किलोमीटरच्या पाट्या मोजायला लागली. एका पाटीपासून दुसरी, ४१ सेकंद. पुन्हा, ४१. तिसऱ्यांदाही ४१. (हल्ली मोबाइलवर वेळ बघतात, सेकंदकाटा कुणाला ठाऊकच नाही. असो.)

८० च्या वेगाला किलोमीटरला ४५ सेकंद लागतात. ४१ म्हणजे जवळजवळ ८८! मामा म्हणाला, घड्याळ पुढे आहे. मामी म्हणाली, "पुढे असेल, पण पळत नाही ना?" शेवटी वेग कमी करत करत बरोबर ४५ सेकंद आणले, तेव्हा काटा ७३ वर होता. मामीनं कपाळाची टिकली काढली आणि काचेवर ७३ पाशी चिकटवली. "ही तुमची ऐंशी."

झालं काय होतं? काटा रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. पुन्हा सांगतो, फेरे. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि काटा कमी दाखवतो. कंपनीच्या टायरवर उलटं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात काट्यानं खऱ्यापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार, एवढी मुभा. म्हणजे खरे ८० असताना काटा ९२ दाखवू शकतो.

तर ३६०० ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागा, खरा वेग मिळतो. ६० सेकंद म्हणजे ६०, ४५ म्हणजे ८०, ३६ म्हणजे १००. मोजायचं शेजारच्यानं. चालवणाऱ्यानं नाही, शेजारच्यानं. मोबाइलचा उपग्रहावरचा वेगही चालतो, बोगद्यात मात्र भरवसा नको.

आणि ती पीपपीप! जुलै २०१९ पासूनच्या गाड्या ८० ओलांडलं की अधूनमधून वाजतात, १२० ओलांडलं की थांबतच नाहीत. ती बंद करून मागणारे गिऱ्हाईक गॅरेजात मी पाहिलेत. लग्नाच्या वरातीतला डीजे चालतो, ही पीप तेवढी खुपते.

महामार्ग सोडून गावात शिरताना तर काटा बघाच. तासभर शंभरनं आल्यावर साठ म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. शाळा, एसटी स्टँड, म्हशी, सगळे तिथंच असतात.

जीप पुढे विकली. घेणारा काचेवर नखानं खरवडायला लागला, तेव्हा मामानं हात धरला. "ती राहू दे. हिची ऐंशी आहे ती."