साठ सेकंदांचा षटकोन

ठाणे स्टेशन. सकाळचे पावणेनऊ. वाशी लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा नाही, पण या ताईंना ती नकोच आहे. पार्टिशनला पाठ टेकून उभं राहता आलं की झालं, दोन्ही हात मोकळे राहतात. फोन आडवा. दोन अंगठे स्क्रीनच्या दोन कडांवर.

गेमचं नाव सुपर हेक्सागॉन. आयर्लंडच्या टेरी कॅव्हनाने तो २०१२ मध्ये आणला. मधोमध एक षटकोन, त्याच्याभोवती फिरणारा इवलासा त्रिकोण. तो त्रिकोण म्हणजे आपण. बाहेरून भिंती आवळत येतात आणि प्रत्येक भिंतीत कुठेतरी फट असते. डावीकडे दाबलं की डावीकडे, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. बस्स, एवढंच. मात्र सगळी स्क्रीन गरगर फिरत असते, आणि मध्येच उलटीही फिरू लागते.

यातल्या सगळ्यात सोप्या पातळीवरही शिक्का आहे ‘हार्ड’चा. पहिल्यांदा खेळणारा तीन-चार सेकंदांत संपतो. पातळी जिंकायला टिकायचं असतं फक्त साठ सेकंद.

मग माणसं हा गेम सोडून का देत नाहीत?

हा अंगठा बघा. आपटला... आणि लगेच पुन्हा सुरू. मध्ये जाहिरात नाही, ‘पैसे भरा आणि जीव वाचवा’ नाही. एकदा विकत घेतला की आत विकायला काहीच ठेवलेलं नाही. हरल्याचं वाईट वाटायलासुद्धा वेळ मिळत नाही, तोवर पुढची भिंत आलेली असते. दिघा ते ऐरोली एवढ्याशा अंतरात ताई कितीतरी वेळा हरल्या. चेहऱ्यावर वैताग नाही. भुवया किंचित जवळ आलेल्या, एवढंच.

आम्हाला या गेममधला प्रामाणिकपणा भावतो. आपटलो तर चूक आपलीच, आणि ती डोळ्यांसमोर घडलेली. टिकलो तर तेही आपलंच. भिंतींचा क्रम दरवेळी बदलतो, त्यामुळे पाठांतर चालत नाही. पण त्यांचे आकार ठरलेले आहेत. ते हळूहळू ओळखीचे होतात, गर्दीतल्या रोजच्या चेहऱ्यांसारखे.

ताईंनी त्या आकारांना नावं दिली आहेत. फट सरकत सरकत गोल फिरते तो ‘भोवरा’. फट एकदम समोरच्या बाजूला उघडते आणि अर्धा फेरा मारावा लागतो ते ‘उलटं दार’. एक डावीकडे, एक उजवीकडे, ती ‘नागमोडी’.

एका कानात इअरफोन आहे. उत्तर आयर्लंडच्या चिपझेल या संगीतकाराची धून, जुन्या व्हिडिओ गेमसारखी टणटणीत. दहा सेकंद टिकलं की एक आवाज सांगतो, ‘लाइन’. वीसला ‘ट्रायँगल’, तिसाला ‘स्क्वेअर’. पंचेचाळिसाला ‘पेंटॅगॉन’. ताई पेंटॅगॉनपर्यंत पोचल्या आहेत. ‘हेक्सागॉन’ अजून ऐकलेला नाही.

दिवसभर त्या वाशीच्या एका ऑफिसात हिशेब बघतात. तिथे चूक सापडायला कधीकधी महिना जातो, आणि ती कुणाची यावर बैठक होते.

कोपरखैरणे. तुर्भे. त्रेपन्न सेकंद. सानपाड्याला डबा दाराकडे सरकायला लागतो, तेव्हा फोन पर्समध्ये जातो. चुकलं कुठे, असं आम्ही विचारतो.

“उलट्या दाराला मी घाई केली,” त्या म्हणतात. “आधी श्वास सोडायचा असतो. संध्याकाळी सोडेन.”